परसातील कोंबड्या : पहिल्या वर्षाची कसोटी

भूमिहीन शेतमजूर व अल्पभूधारक कुटुंबांना पूरक उत्पन्नासाठी परसातील कुक्कुटपालन सोयीचे आहे. सांडलेले धान्य, किडे व खरकटे यांवर गावठी कोंबडी जगते आणि वर्षाकाठी साधारणतः ५० ते ७० अंडी देते. खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवल्यास २१ दिवसांत पिले बाहेर पडतात.

नवख्या कुटुंबाची खरी कसोटी यानंतर सुरू होते. विकत आणलेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पिले दिव्याखाली एकमेकांवर गर्दी करू लागली, तर ऊब अपुरी आहे. दूर पांगली, तर ती अधिक आहे, असे समजावे.

सर्वांत मोठा धोका मानमोडी अर्थात राणीखेत रोगाचा. त्यावर उपचार नाही. लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात व आठव्या आठवड्यात आर-२-बी लस टोचून घ्यावी. परंतु लसीची कुपी बहुधा शंभर वा अधिक मात्रांची असते आणि विरघळविल्यावर ती तास-दोन तासांतच संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या मालकास ती एकट्याने परवडत नाही. लस राहून जाते आणि साथीत अख्खे खुराडे रिकामे होते.

म्हणूनच ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी विचारविनिमय करून लसीकरणाचा दिवस ठरवावा, लस बर्फात आणवावी आणि कोंबड्या सोडण्यापूर्वी, पहाटेच, संपूर्ण वस्तीचे लसीकरण उरकावे.