मंडप वाहणारे खांदे
(लेखांक पाचवा)

मागील लेखांकात अहरोन व त्याचे पुत्र यांच्या याजकपणाचा विचार आपण केला. ज्यांच्या हाती ना धूपपात्र होते ना बलिदानाचा सुरा, आणि तरीही ज्यांच्यावाचून निवासमंडप अरण्यात एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामास हलला नसता, त्या लेवी वंशातील इतर लोकांकडे आता वळावयाचे आहे.

या वंशाचा पूर्वेतिहास फारसा गौरवास्पद नाही. याकोबाचा तिसरा पुत्र लेवी याने शिमोनाच्या साहाय्याने शखेम नगरीत विश्वासघाताने कत्तल केली, आणि मरणोन्मुख पित्याने त्या दोघांच्या संततीची इस्राएलात पांगापांग होईल असे उद्गार काढले. पांगापांग झालीच, परंतु शिमोनाचा वंश यहूदाच्या मुलखात हळूहळू विरून गेला, तर सीनाय पर्वताच्या पायथ्याशी सोन्याच्या वासराच्या प्रसंगी मोशेच्या हाकेसरशी पुढे आलेल्या लेव्यांना सलग प्रांताऐवजी सर्व वंशांच्या हद्दींत विखुरलेली ४८ नगरे मिळाली, आणि जो शाप होता तोच त्यांच्या सेवेचा सरंजाम ठरला.

त्या सेवेचे मूळ मात्र एका बदलीच्या व्यवहारात आहे. मिसर देशातील शेवटच्या पीडेतून इस्राएलाचे प्रथमजात वाचले, म्हणून प्रत्येक घरचा प्रथमजात पुत्र परमेश्वराच्या मालकीचा. आणि त्या प्रत्येकाऐवजी एकेक लेवी घेतला जावा, अशी योजना गणनेच्या ग्रंथात सांगितली आहे. त्यासाठी दोन्ही बाजूंची मोजदाद झाली, तेव्हा प्रथमजात भरले २२,२७३ आणि लेवी २२,०००. वाढलेल्या २७३ जणांचे काय करावयाचे, हा प्रश्न ग्रंथकाराने सोडून दिलेला नाही: माणशी पाच शेकेलप्रमाणे १,३६५ शेकेल घेऊन ते अहरोनाच्या स्वाधीन करण्यात आले. (चिकित्सक वाचकाने लेव्यांच्या गेर्षोन, कहाथ व मरारी या तिन्ही कुळांचे आकडे मिळविले तर बेरीज २२,३०० येते, वरचे ३०० हे स्वतःच प्रथमजात असल्याने दुसऱ्याची बदली करण्यास अपात्र होते, असे जुने यहूदी टीकाकार सांगतात.) धर्मग्रंथात असला रोखठोक हिशेब पाहून कोणी नाक मुरडील, पण त्यावरून एवढे निःसंशय दिसते की, सेवेचे ऋण मुळात सगळ्या राष्ट्राचे होते आणि लेवी ते इतरांच्या वतीने फेडीत होता. त्याला जमिनीचे वतन नाही आणि उदरनिर्वाहासाठी लोकांचा दशमांश आहे, याचे कारणही हेच.

मंडप हलविण्याची वेळ आली म्हणजे या तीन कुळांची कामे कशी वाटलेली होती, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. गेर्षोनाच्या कुळाकडे पडदे, आच्छादने व त्यांच्या दोऱ्या. मरारीच्या कुळाकडे फळ्या, अडसर, खांब, मेखा आणि ज्यांवर फळ्या व अंतरपटाचे खांब उभे राहात त्या चांदीच्या १०० बैठका. यांतील प्रत्येक बैठक एक किक्कार, म्हणजे ३० किलोंहून अधिक वजनाची. कोणी कोणती वस्तू वाहावयाची ते नावनिशीवार ठरवून द्यावे, अशी आज्ञा होती. त्यामुळे अमुक मेख अमक्याची, ही गोष्ट अहरोनपुत्र एथामार याच्या देखरेखीखाली पक्की झालेली असे. सरदारांनी आणलेल्या सहा गाड्यांपैकी गेर्षोन्यांना दोन व मरारीच्या लोकांना चार मिळाल्या, आणि कहाथाच्या कुळाला एकही मिळाली नाही.

कहाथ्यांकडे परमपवित्र वस्तू होत्या व त्या खांद्यांवरूनच न्यावयाच्या होत्या. तथापि त्यांना हात लावण्याची, किंबहुना त्या उघड्या पाहण्याचीही त्यांना मनाई होती, आणि आज्ञाभंगाची शिक्षा मृत्यू होती. म्हणून आधी याजक आत जात, अंतरपट खाली उतरवून कराराचा कोश त्यात गुंडाळीत, त्यावर कातड्याचे आच्छादन घालीत, सर्वांत वर संपूर्ण निळे वस्त्र पसरीत आणि मग दांडे बसवीत. समर्पित भाकरीचा मेज, दीपवृक्ष आणि दोन्ही वेद्या यांच्यावर सर्वांत बाहेर कातडे असे. एका कोशावर तेवढे निळे वस्त्र बाहेर दिसे. एवढी सिद्धता झाल्यावर कहाथी येऊन दांडे खांद्यावर घेत. जे आपण वाहतो ते आयुष्यात एकदाही डोळ्यांनी पाहावयाचे नाही, हे त्यांच्या चाकरीचे स्वरूप होते, आणि माझ्या मते लेव्यांच्या सेवेचे मर्म इतर कोणत्याही विधीपेक्षा येथे अधिक स्पष्टपणे उलगडते.

ही मर्यादा सर्वांना मानवली असे नाही. कहाथाच्याच कुळातील कोरह याने, वाहण्याचे काम अपुरे वाटून, याजकपणावर हक्क सांगितला व तो नाश पावला. पुढे कित्येक पिढ्यांनंतर दाविदाने मोठ्या समारंभाने कोश यरुशलेमेकडे आणविला तो नव्या कोऱ्या गाडीवर घालून. बैल अडखळले, उज्जाने सावरण्यासाठी हात पुढे केला आणि तो जागीच ठार झाला. पुष्कळांना उज्जाची कीव येते व ती येणे स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या खेपेस दाविदाने जी दुरुस्ती केली ती पाहता चूक उज्जाच्या हातापाशी सुरू झाली नव्हती, ती गाडी जुंपली तेथेच झाली होती, हे ध्यानात येते. त्या वेळी कोश लेव्यांच्या खांद्यांवरून, दांड्यांनी उचलून नेण्यात आला.

ख्रिस्ती मनुष्याने यातून काय घ्यावयाचे? आपल्या मंडळ्यांत पाळकांना लेव्यांच्या जागी मानून दशमांशाचा विषय तेवढा काढण्याची प्रथा आहे. ती मला अर्धवट वाचनाची वाटते, कारण लेव्याला मिळालेल्या दशमांशाचाही दशमांश त्याला याजकांस द्यावा लागे, ही ओळ सहसा वाचली जात नाही. पौलाने वेदीची सेवा करणाऱ्यांच्या निर्वाहाचा दाखला दिला आहे हे खरे, आणि सुवार्ता सांगणाऱ्याला उपाशी ठेवणारी मंडळी दोषीच आहे. पण हा मुख्य मुद्दा नव्हे. इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते की ख्रिस्त लेवीच्या नव्हे तर यहूदाच्या वंशातला, मलकीसदेकाच्या परंपरेतला याजक आहे आणि त्याने आपले अर्पण एकदाच केले. त्याबरोबर एका वंशाने इतरांच्या वतीने सेवा करण्याची जुनी बदली संपली, आणि पेत्र ज्यांना राजकीय याजकगण म्हणतो त्या सर्व विश्वासणाऱ्यांच्या खांद्यांवर ते ऋण परत आले. पगारी पाळक नेमला म्हणजे आपण मोकळे झालो, ही समजूत म्हणूनच निराधार आहे. उपासनेपूर्वी सतरंज्या अंथरणारा, प्रभुभोजनाचे पेले धुऊन पुसून ठेवणारी, मंडळीचे दप्तर सांभाळणारा, ही माणसे मरारीच्या कुळातली आहेत, आणि मरारीच्या मेखांवाचून कहाथाच्या कोशाला छप्पर नव्हते.

जखमी वाटसरूला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेलेला लेवीही शुभवर्तमानात आहे, आणि शेत विकून आलेले द्रव्य प्रेषितांच्या चरणांशी ठेवणारा कुप्र बेटाचा लेवी बर्णबाही प्रेषितांच्या कृत्यांत आहे, वंश एकच.

मंदिर बांधण्याचे ठरल्यावर मंडप वाहण्याचे काम संपले, तेव्हा दाविदाने या लोकांपैकी ४,००० जणांना द्वारपाळ केले व ४,००० जणांच्या हाती वाद्ये दिली. कोरहाचे वंशजही त्यांत होते आणि त्यांच्या नावाची स्तोत्रे आजही आपल्या स्तोत्रसंहितेत आहेत. त्याविषयी पुढील आठवड्यात. तत्पूर्वी वाचकांनी पहिल्या इतिहासाचे २३ ते २६ हे अध्याय वाचून ठेवावेत. नावांच्या याद्या लांबलचक आहेत, पण त्या गाळू नयेत.