रजोनिवृत्तीतील रात्रीचा घाम व हुडहुडी

रजोनिवृत्तीच्या काळात पुष्कळ स्त्रियांची झोप मध्यरात्री एकाएकी मोडते. छाती, मान व चेहरा यांत उष्णतेची लाट उसळते, अंगावरचे कपडे घामाने भिजतात, पांघरूण दूर सारले जाते. आणि थोड्याच वेळात तीच स्त्री कुडकुडत ते पुन्हा ओढून घेते. अशा परस्परविरोधी तक्रारी एकाच तोंडून आल्या म्हणजे त्यांस मनाचा खेळ म्हणून बाजूस सारणे सोपे जाते. वस्तुतः दोहोंचे मूळ एकच आहे.

शरीराचे अंतर्गत तापमान एका मर्यादेवर चढले की घाम सुटतो व दुसऱ्या मर्यादेखाली उतरले की हुडहुडी भरते. या दोहोंच्या दरम्यान शरीर स्वस्थ असते. अमेरिकन संशोधक रॉबर्ट फ्रीडमन यांच्या मोजमापांत, असे झटके न येणाऱ्या रजोनिवृत्त स्त्रियांत हे अंतर सुमारे ०.४ अंश सेल्सिअस आढळले; झटके येणाऱ्यांत ते जवळजवळ शून्य होते. मग तापमानातील अल्पशी वाढही घाम फोडण्यास पुरते. त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, घाम वाळतो, गरजेहून अधिक उष्णता निघून जाते आणि तापमान खालची मर्यादा ओलांडते. हुडहुडी ही घामाचीच परिणती होय.

हे अंतर का आटते, याचा धागा मेंदूत सापडतो. हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशी रजोनिवृत्तीनंतर आकाराने वाढतात, असे नेओमी रान्स यांनी १९९० साली दाखविले. इस्ट्रोजेनचा अंकुश सुटला की त्यांतील न्यूरोकायनिन-बी या द्रव्याचा जोर वाढतो व शेजारच्या तापनियंत्रक केंद्रास तो जाणवतो. त्या द्रव्याची क्रिया रोखणारे फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ साली संमत झाले. ते संप्रेरक नव्हे. परंतु यकृतास इजा होण्याचा दुर्मिळ धोका असल्याने रक्ततपासणी आवश्यक ठरते.

निद्राभंग मात्र रात्रभर सारखा नसतो. स्वप्नावस्थेत शरीराचे तापनियंत्रण शिथिल होते आणि ही अवस्था उत्तररात्री अधिक असते. म्हणूनच, फ्रीडमन यांच्या निरीक्षणानुसार, पूर्वरात्रीचे झटके जाग आणतात, तर उत्तररात्रीचे तितकेसे आणीत नाहीत.

भारतात या निदानास एक महत्त्वाची पुस्ती जोडावी लागते. रात्रीचा घाम हे क्षयाचेही लक्षण आहे. रजोनिवृत्तीच्या झटक्यात खरा ताप नसतो. तेव्हा सायंकाळी तापमापक ताप दाखवीत असेल, खोकला हटत नसेल वा वजन घटत असेल, तर वयाकडे बोट न दाखविता प्रथम थुंकीची तपासणी झाली पाहिजे.