बेताच्या पैशात खेळाचा संगणक

दहावी-बारावीचा निकाल लागला, की घराघरांत एक मागणी पुढे येते. पूर्वी पोरे सायकल मागत, नंतर मोबाइल मागू लागली. आता गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर मागतात. आईवडील दुकानात चौकशी करतात, 'गेमिंग' अशी चिठ्ठी लावलेल्या तयार यंत्राची किंमत ऐकतात आणि गप्प होऊन घरी येतात. मग कोणीतरी सांगते, "तयार घेऊ नका, सुटे भाग घेऊन जुळवा, स्वस्तात पडेल." सल्ला खरा आहे, पण त्यात एक अट राहून जाते. कोणत्या भागावर किती पैसा घालायचा हे कळले, तरच जुळवलेले यंत्र स्वस्तात पडते. ते कळले नाही तर तेवढ्याच पैशात दुबळे यंत्र घरी येते.

मी कला शाखेचा माणूस. शब्दांच्या मात्रा मोजण्यात माझे आयुष्य गेले. पण आमच्या हिंगणा रस्त्यावर वानाडोंगरी, डिगडोहकडे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, एमआयडीसीत काम करणाऱ्यांची घरे आहेत आणि अशा वस्तीत कवीलाही कॉम्प्युटरचे प्रश्न चुकत नाहीत. शेजारच्या एका मुलाने एकदा विचारले, "चाचा, बाबानं साठ हजार ठेवले हायेत. इतक्यात होऊन जाईन का जी?" वडील कारखान्यात फिटर. त्या साठ हजारांत त्यांचा बोनस होता आणि आईच्या भिशीचे पैसेही होते. असा पैसा एकदाच खर्च होतो. म्हणून त्या मुलाबरोबर मीही हा विषय समजून घेतला.

सुटे भाग जुळवून यंत्र करणे यात कमीपणा काही नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि आपल्या बर्डीत हा व्यवहार चालतो. त्याहून मोठे उदाहरण पुण्याचे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ साली स्थापन झाले आणि १९९१ मध्ये त्याने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्यातले प्रोसेसर बाहेरच्या कंपनीचे होते. ते एकमेकांना जोडून एका कामाला लावणे, ही करामत आपल्या लोकांची. या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्या नागपुरात झालेले. बाजारात मिळणाऱ्या भागांचा मेळ घालणे हीही एक विद्या आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता निवडीकडे वळू. दुकानात जाण्याआधी घरी बसून दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. कोणते खेळ खेळायचे आहेत? आणि कोणत्या पडद्यावर? प्रत्येक खेळाचा निर्माता किमान कसे यंत्र लागते आणि चांगले चालायला कसे लागते, हे जाहीर करतो. 'व्हॅलोरंट'सारखा खेळ साध्या यंत्रावरही पळतो. 'सायबरपंक २०७७'सारखा खेळ मात्र भारी यंत्र मागतो, आणि त्याच्या आताच्या आवृत्तीला जुनी हार्ड डिस्कसुद्धा चालत नाही.

पडद्याचा हिशोब सोपा आहे. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलले तर खेळ डोळ्यांना सलग वाटतो. याचा अर्थ यंत्राला एका सेकंदात सुमारे साडेबारा कोटी ठिपके रंगवायचे असतात. फोर-के पडद्यावर ठिपके याच्या चौपट होतात. बेताच्या पैशात फुल एचडी पडदाच शहाणपणाचा, कारण पडदा मोठा घेतला की मागच्या सगळ्या भागांचा खर्च वाढतो.

हे ठिपके रंगवण्याचे काम ग्राफिक कार्ड करते. म्हणून खेळाच्या यंत्रात सर्वांत मोठा हिस्सा कार्डाचा. कार्डाची स्वतःची स्मृती असते. नवे खेळ खेळायचे असतील तर ती ८ जीबी असावी. दुकानदार नुसते जीबी सांगून कार्ड गळ्यात मारू पाहतो, तिकडे लक्ष देऊ नये. दुबळ्या कार्डावर स्मृती जास्त लावली म्हणून ते धावत नाही. नेमक्या मॉडेलचे नाव विचारावे आणि आपला खेळ त्यावर सेकंदाला किती चित्रे देतो, ते पाहावे.

प्रोसेसर हा हिशोबनीस. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंत पडली की नाही, हे तो ठरवतो आणि कार्डाला चित्र काढायला सांगतो. तो मंद असेल तर महागडे कार्ड रिकामे बसून राहते. तो फारच तगडा आणि कार्ड दुबळे असेल तर प्रोसेसर वाट पाहत बसतो. आमच्या शेजारच्या मुलाला मिळालेल्या पहिल्या यादीत हाच घोटाळा होता. प्रोसेसर सर्वांत महागाचा, कॅबिनेट रंगीबेरंगी दिव्यांचे आणि कार्ड मात्र नावापुरते. मतल्याची पहिली ओळ वजनदार आणि दुसरी लंगडी असली तर गझल उभी राहत नाही, तसे हे. सहा गाभ्यांचा, म्हणजे सिक्स कोअर, मधल्या दर्जाचा प्रोसेसर बहुतेक खेळांना पुरतो.

प्रोसेसरच्या नावापुढचे अक्षर वाचायला विसरू नये. इंटेलच्या प्रोसेसरपुढे 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे कार्ड नसले तर पडदा काळाच राहतो. एएमडीच्या काही प्रोसेसरपुढे 'जी' असते, उदाहरणार्थ रायझेन ५ ५६००जी. त्यात बऱ्यापैकी चित्रशक्ती आतच असते. पैसे अगदीच कमी असतील तर असा प्रोसेसर घेऊन हलके खेळ सुरू करावेत आणि कार्ड पुढच्या दिवाळीला घ्यावे. टप्प्याटप्प्याने वाढवता येते, हा जुळवलेल्या यंत्राचा मोठा फायदा आहे.

मदरबोर्ड घेताना प्रोसेसर बसण्याची जागा, म्हणजे सॉकेट, जुळते की नाही हे पाहावे. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ साली आले आणि २०२२ मध्ये निघालेले प्रोसेसरही त्यात बसले. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला कंपनीने २०२७ पर्यंत साथ देण्याचे सांगितले आहे. पुढे वाढवायचे मनात असेल तर याचा विचार करावा. रॅमचेही तसेच. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. १६ जीबी रॅम हवी असेल तर शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. 'जी' प्रोसेसर असेल तर हा फरक उघड जाणवतो. साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि काटा जागा शोधतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने खेळ लवकर उघडतो.

आता ज्या भागाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते तो भाग, एसएमपीएस. घरातली वीज यंत्राला पचेल अशी करून देणारा हा डबा. पैसे कमी पडले की पहिली काटछाट याच्यावर होते, आणि तीच सर्वांत धोक्याची. डब्यावर ५०० वॅट छापलेले असते, पण बिननावाचा डबा तेवढी वीज देईलच याची खात्री नसते. तो जळताना मदरबोर्ड आणि कार्ड यांनाही सोबत नेऊ शकतो. हिशोब मांडून पाहा. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर ६५ वॅटचा आणि आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅटचे, मिळून १९७. बाकी भागांसाठी पन्नासेक धरले तर अडीचशेच्या आसपास. म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा डबा पुरेसा आहे. ८५० वॅटचा घेण्याची गरज नाही. डब्यावर '८० प्लस' ही खूण पाहावी. विजेची नासाडी कमी होते याची ती कसोटी आहे.

आपल्या नागपूरकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि खोलीतल्या हवेपेक्षा गार हवा पंखा आणू शकत नाही. म्हणून समोर काच मढवलेले देखणे कॅबिनेट घेण्यापेक्षा समोर जाळी असलेले घ्यावे. पुढून हवा आत यावी आणि मागून बाहेर पडावी. यंत्र कुलरच्या थेट झोतात ठेवू नये, पाण्याचे तुषार आत जातात. एमआयडीसीजवळच्या घरांत धूळ फार, तेव्हा जाळी दर महिन्याला पुसावी. घरात अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट विचारावेत. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॅटच देतो.

साठ हजारांची वाटणी आम्ही अशी मांडली. तिसरा हिस्सा, म्हणजे वीस हजार, कार्डाला. पंधरा हजार प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून. तेरा हजार रॅम आणि एसएसडीला. सात हजार एसएमपीएस आणि कॅबिनेटला. उरलेले पाच हजार कीबोर्ड, माऊस आणि किरकोळ खर्चाला. पडदा नंतर घ्यायचा ठरले. घरातला फुल एचडी टीव्ही एचडीएमआय केबलने जोडता येतो. ही दरांची यादी नव्हे, वाटणीचा अंदाज आहे. दर हलले की आकडे हलतात.

आणि दर फार हलतात. २०२१ साली आभासी चलन 'खणणाऱ्यांनी' ग्राफिक कार्डे उचलली आणि किमती आभाळाला भिडल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठीची ती मागणी ओसरली. २०२५ च्या अखेरीस पाळी रॅमची आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी स्मृतीची मागणी इतकी वाढली, की मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशल' नावाने सामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबवण्याचे जाहीर केले. परदेशातल्या प्रचंड केंद्रांच्या भुकेची झळ हिंगण्याच्या फिटरच्या घरापर्यंत अशी पोहोचते. अशा वेळी जो भाग महागला असेल तो आज गरजेपुरता घ्यावा. मदरबोर्डवर रॅमची खाच रिकामी असली तर दुसरी पट्टी पुढे लावता येते.

जुने भाग घेण्यात वावगे काही नाही, पण डोळे उघडे ठेवावेत. कार्यालयांतून निघालेली जुनी यंत्रे स्वस्त मिळतात. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट'देखील ती मागतो. फार जुन्या यंत्रात ती नसते. जुने कार्ड घ्यायचे तर दुकानातच अर्धा तास खेळ चालवून पाहावा. नवा भाग घेताना पक्के बिल घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि बिघडल्यास माल कुठे द्यायचा हे विचारून ठेवावे. लोकमान्य नगरहून मेट्रोने बर्डीला जायला वेळ लागत नाही. तीन दुकानांत एकच यादी दाखवली की खरा दर आपोआप कळतो.

शेवटी आईवडिलांच्या काळजीविषयी. खेळ म्हणजे जुगार, अशी भीती अनेकांना वाटते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत या खेळांना पदकेही होती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा आपल्या पुराणकथांच्या वातावरणातला खेळ तयार केला. खेळणाऱ्या मुलांतूनच उद्या खेळ घडवणारे निघतील. ज्या यंत्रावर गेम चालतो त्यावर प्रोग्रॅम लिहिता येतो, चित्रे काढता येतात, महाविद्यालयाचा प्रकल्पही होतो. वेळेचे बंधन मात्र घरातच ठरवावे लागते. ते बाजारात मिळत नाही.

मुलाला यादी स्वतः करू द्या. प्रत्येक भागापुढे 'हा का?' याचे एका ओळीत उत्तर लिहायला लावा. ज्या भागाचे उत्तर त्याला देता येणार नाही, त्यावरचा पैसा अजून खर्च करू नका. ज्याने स्वतः हिशोब मांडला, तो आईच्या भिशीच्या पैशाची किंमतही जाणतो.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)