गादी सरकली, ऑपरेशन कधी?

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘नस दबली आहे’ असं वाचलं की घरात एकच चर्चा सुरू होते: ऑपरेशन करायचं की नाही. माझ्या मते याचं उत्तर रिपोर्टमध्ये शोधू नये. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या तपासण्या २०१५ मध्ये एकत्र अभ्यासल्या गेल्या, तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या मणक्यांमधली गादी फुगलेली आढळली. शिवाय बाहेर आलेली गादी कायम तशीच राहते असंही नाही. शरीरातल्या भक्षक पेशी तो तुकडा परका समजून संपवतात. पूर्ण सुटून पडलेला तुकडा तर साध्या फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरतो, त्यामुळे ‘केवढी मोठी गादी सरकलीय’ एवढ्यानं ऑपरेशन ठरत नाही.

ते ठरतं वेळेवरून. नेदरलँड्समधल्या लायडन आणि हेग इथल्या डॉक्टरांनी तीव्र सायटिकाच्या, म्हणजे नस दबल्यानं पायात उतरणाऱ्या कळेच्या, २८३ रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे कळ सोसलेल्या या रुग्णांपैकी काहींचं ऑपरेशन लगेच ठरवलं, बाकीच्यांना औषधं देऊन थांबवलं. बरं वाटायला पहिल्या गटाला साधारण चार आठवडे लागले, दुसऱ्याला बारा. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. यावर कुणी म्हणेल, मग ऑपरेशन हवंच कशाला? पण थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना दुखणं असह्य होऊन त्याच वर्षात ऑपरेशन करून घ्यावं लागलं, हे विसरता येत नाही. आणि थांबल्यानं वाढणारे ते आठ आठवडे सगळ्यांना सारखे नसतात. पगारी रजा असलेला कारकून थांबू शकतो. खोकला आला तरी पोटरीपर्यंत कळ जाणाऱ्या, रोजंदारीवर ओझं उचलणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. त्यानं लवकर ऑपरेशन मागणं हा उतावळेपणा नव्हे. थांबण्यालाही मर्यादा आहे. चार ते बारा महिने सायटिका भोगलेल्या १२८ रुग्णांच्या कॅनडातल्या अभ्यासात (२०२०) सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं पायाचं दुखणं स्पष्टपणे कमी होतं. आणि लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद झपाट्यानं जाऊ लागली, तर हा हिशेब करत बसूच नये. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

ऑपरेशननंतरची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. ‘महिनाभर पाठ टेकून पडून राहा’ हा सल्ला अजूनही प्रेमापोटी दिला जातो, पण गादीच्या साध्या ऑपरेशननंतर रुग्णाला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करून चालवतात. चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त येते, असा पुरावा उपलब्ध अभ्यासांच्या आढाव्यात मिळालेला नाही. अपेक्षा मात्र नेमकी हवी. पायातली कळ अनेकदा लगेच थांबते. कंबरदुखी जाईलच याची खात्री नसते. बधिरपणा सर्वांत सावकाश जातो, कारण नसेचे तंतू तुटले असतील तर ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात आणि कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर मीटरभर असतं.