रॉचेस्टरची ती रात्र

अमुक सामना आपण स्वतः मैदानावर जाऊन पाहिला, असे सांगणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक घरात असते. ती गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते आणि पोरे ती तोंड उघडे ठेवून ऐकतात. परंतु एक सामना असा झाला की तो पाहायला आलेल्या जेमतेम दोन हजार लोकांना, आपण आज काय पाहिले, हे घरी परततानाही बहुधा उमगले नसेल. आज त्याच रात्रीविषयी लिहीत आहे.

ती तारीख होती ३१ ऑक्टोबर १९५०, वार मंगळवार. ठिकाण अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडचे रॉचेस्टर हे शहर. व्यावसायिक बास्केटबॉलचा सामना होता, रॉचेस्टर रॉयल्स विरुद्ध वॉशिंग्टन कॅपिटल्स. सामना सुरू झाल्यावर वॉशिंग्टनच्या बाकावरून एक उंचापुरा तरुण उठला आणि मैदानात उतरला. त्याचे नाव अर्ल लॉईड, वय २२. एनबीए या स्पर्धेच्या सामन्यात खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

ही स्पर्धा १९४६ साली वेगळ्या नावाने सुरू झाली होती. पहिल्या चार हंगामांत तिच्यात एकही काळा खेळाडू नव्हता. मग काळ्या मुलांत गुणवत्ता नव्हती काय? फेब्रुवारी १९४८ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या काळ्या खेळाडूंच्या संघाने शिकागोत मिनियापोलिस लेकर्स या बलाढ्य गोऱ्या संघाला ६१ विरुद्ध ५९ असे हरविले होते. म्हणजे गुण होते, फक्त दार बंद होते. १९५० साली ते किलकिले झाले. चक कूपर यांना बोस्टनने, नॅट क्लिफ्टन यांना न्यूयॉर्कने आणि लॉईड यांना वॉशिंग्टनने घेतले. वेळापत्रकात वॉशिंग्टनचा सामना बोस्टनच्या एक दिवस आधी होता, एवढ्याच कारणाने पहिलेपणाचा मान लॉईड यांना मिळाला. हे ते स्वतःच मोकळेपणाने सांगत.

त्या रात्री त्यांनी सहा गुण केले आणि कड्यावर आदळून परतणारा चेंडू दहा वेळा उडी मारून पकडला. वॉशिंग्टनचा संघ ७० विरुद्ध ७८ असा हरला. ना दंगल झाली, ना हारतुरे झाले.

लॉईड यांचा जन्म १९२८ चा, व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया गावचा. तिथे काळ्यांची शाळा वेगळी होती. गोऱ्यांशेजारी बसण्याची त्यांना सवयच नव्हती. वॉशिंग्टनमधील एका सामन्याची आठवण ते सांगत असत. आईवडील प्रेक्षकांत बसले होते. जवळच्या एका गोऱ्या प्रेक्षकाने घाणेरडा शब्द वापरून विचारले, याला खेळता तरी येते काय? त्यावर आईने न चिडता उत्तर दिले, काळजी करू नका, त्याला खेळता येते. भगिनींनो, या माउलीने किती अपमान गिळले असतील आणि तरी लेकावर किती विश्वास ठेवला असेल, याचा विचार करा.

दुसरी आठवण फोर्ट वेन शहरातली. तिथल्या हॉटेलात लॉईड यांना झोपायला खोली मिळाली, पण जेवणघरात बसून जेवायला मनाई झाली. ते खोलीत एकटेच बसले असता दारावर थाप पडली. संघाचे प्रशिक्षक बोन्स मॅकिनी त्यांच्यासोबत जेवायला आले होते. मॅकिनी गोरे होते आणि वर्णभेद कायद्याने चालणाऱ्या दक्षिणेतच वाढले होते. लॉईड ही गोष्ट आयुष्यभर विसरले नाहीत.

ताटाला ताट लावून बसण्याचे मोल आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. त्याच १९५० सालच्या २६ जानेवारीला आपल्याकडे संविधान लागू झाले होते. जातीच्या किंवा वंशाच्या कारणावरून कुणालाही दुकानात वा हॉटेलात मज्जाव करता येणार नाही, असे त्याच्या १५ व्या अनुच्छेदात लिहिले आहे. संपूर्ण अमेरिकेला तसा कायदा मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. मात्र कागदावरचा हक्क ताटापर्यंत पोहोचायला मॅकिनींसारखी माणसे लागतात, हे दोन्ही देशांना लागू आहे.

सात सामन्यांनंतर लॉईड यांना सैन्यात बोलावणे आले. ते सैन्यात असतानाच, जानेवारी १९५१ मध्ये, त्यांचा संघ बंद पडला. दुसरा कोणी खचला असता. लॉईड परतले आणि सिरॅक्यूज संघाकडून खेळू लागले. १० एप्रिल १९५५ रोजी या संघाने अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना ९२ विरुद्ध ९१ असा, अवघ्या एका गुणाने जिंकला. लॉईड आणि त्यांचे सहकारी जिम टकर हे एनबीए अजिंक्यपद मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले.

पुढे १९७१ साली ते डेट्रॉईट संघाचे प्रशिक्षक झाले आणि २००३ साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

आणि हो, १९५५ च्या त्या अंतिम सामन्यात समोरचा पराभूत संघ कोणता होता, ते सांगायचे राहिलेच. तो होता फोर्ट वेनचा.