चिंचोक्यांचे अंतराळ आरमार

बुद्धिबळ हा मुळात युद्धाचाच खेळ आहे. त्याचा पूर्वज जो चतुरंग, त्यात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी प्राचीन भारतीय सैन्याची चार अंगे होती. याच कल्पनेला विज्ञानकथेची जोड देऊन एक निराळा खेळ आज जगभर खेळला जातो. टेबलावर डोंगर, खड्डे, पडक्या इमारती मांडायच्या. त्यांत भविष्यकाळातील सैनिकांची, यंत्रमानवांची किंवा अंतराळयानांची चिमुकली प्यादी ठेवायची. फूटपट्टीने अंतर मोजून ती हलवायची. आणि नेम लागला की चुकला हे फासे टाकून ठरवायचे. या प्याद्यांना ‘मिनिएचर’ म्हणतात. इंग्लंडमध्ये १९८७ साली निघालेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा या प्रकारातील अतिशय प्रसिद्ध खेळ होय.

खेळ बुद्धीला चालना देणारा आहे यात शंका नाही. अडचण आहे ती किमतीची. चांगला परदेशी संच घ्यायचा तर काही हजार रुपये मोजावे लागतात. मग वर्गातल्या ज्या एकदोघांकडे संच असेल ते खेळणार आणि बाकीचे भोवती उभे राहून पाहणार, अशी स्थिती होते. ती टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी प्रमाण, घनफळ आणि गुरुत्वमध्य या तीन कल्पना नीट समजल्या म्हणजे पुरे. त्या तुमच्या पाठ्यपुस्तकांत आहेतच.

प्यादे नेमके काय करते?

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी तिच्याकडून आपल्याला काय काम हवे आहे, ते ठरवावे. खेळातील प्याद्याची कामे तीनच असतात. ‘मी कोण’ हे सांगणे, ‘मी कुठे आहे’ हे सांगणे आणि ‘माझे तोंड कोणत्या दिशेला आहे’ हे सांगणे. ही तिन्ही कामे जी वस्तू चोख करील ती चांगले प्यादे. बाकी सारी शोभा.

इतिहासही हेच सांगतो. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ वापरीत. फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली त्याला निश्चित स्वरूप दिले. त्यात नकाशा १ : ८००० या प्रमाणात असे आणि प्यादी म्हणजे शिशाचे साधे चौकोनी ठोकळे असत. त्यांना ना हात होते, ना पाय, ना बंदूक. मात्र सैन्याची तुकडी जमिनीवर जेवढी जागा व्यापते, तेवढीच जागा तो ठोकळा नकाशावर व्यापीत असे. म्हणजे जे बिनचूक असणे जरूर होते ते बिनचूक होते!

गंमत अशी की, पुढे या खेळाला घरोघरी नेणारे लेखक विज्ञानकथाकारच होते. मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे पुस्तक लिहिले. अमेरिकेतील फ्लेचर प्रॅट हेही विज्ञानकथा लिहीत. त्यांच्या आरमारी खेळाचे नियम १९४० साली प्रसिद्ध झाले. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडातून कोरलेल्या बोटी दिवाणखान्याच्या जमिनीवर मांडीत आणि खेळाडू ओणवे होऊन नजरेने अंतराचा अंदाज बांधीत. लाकडाच्या ढलप्यांवर हे सारे उत्तम चालले होते.

उंची दुप्पट, लाकूड आठपट

आता आकाराचा विचार करू. आपल्या गोंदिया, भंडारा, नागपूर भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले आपापले लाकडी नंदीबैल सजवून नेतात. समजा एक बैल १० से.मी. उंच आहे आणि दुसरा हुबेहूब तसाच, पण २० से.मी. उंच आहे. दुसऱ्याला लाकूड किती जास्त लागेल? दुप्पट? नाही. उंची दुप्पट झाली, तशी लांबीही दुप्पट झाली आणि रुंदीही. २ × २ × २ = ८. लाकूड आठपट लागेल. रंग मात्र पृष्ठभागाला द्यावयाचा असतो, म्हणून तो २ × २ = ४, म्हणजे चौपट लागेल. घनफळ घनाच्या प्रमाणात आणि क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, असा हा नियम आहे.

मिनिएचर प्याद्यांचे काही ठराविक आकार प्रचलित आहेत. जुने शिशाचे खेळण्यातले शिपाई साधारण ५४ मि.मी. उंच असत. आजच्या खेळांत २८ मि.मी., १५ मि.मी. आणि ६ मि.मी. हे आकार विशेष आढळतात. वरचा नियम त्यांना लावून पाहा. २८ मि.मी.च्या एका प्याद्याला जेवढा माल लागतो, त्यात १५ मि.मी.ची सुमारे सहा आणि ६ मि.मी.ची सुमारे शंभर प्यादी होतील. बाजारातील किंमत याच प्रमाणात उतरत नाही. साचा, मजुरी, वाहतूक यांचा खर्च असतोच. तरीही तेवढ्याच पैशांत मोठी फौज उभी करायची तर लहान आकार घ्यावा, हा निष्कर्ष कायम राहतो. घरी माती मळून किंवा लाकूड कोरून प्यादी करणाऱ्यांना तर हा नियम पुरेपूर लागू पडतो. संगणकाला जोडलेल्या त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर ती काढली, तरी माल घनफळाच्याच हिशेबाने लागतो.

लहान प्याद्याचा आणखी एक फायदा आहे. वजन घनाच्या हिशेबाने कमी होते, पण हातापायांची जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, वर्गाच्याच हिशेबाने कमी होते. त्यामुळे वजनाच्या मानाने लहान प्यादे अधिक मजबूत ठरते. टेबलावरून पडले तरी ते सहसा मोडत नाही.

टेबलावर किती रणांगण मावते?

माणसाची उंची १६८ से.मी. धरली, तर २८ मि.मी.चे प्यादे १ : ६० या प्रमाणात होते. ६ मि.मी.चे प्यादे १ : २८० या प्रमाणात होते. आता वर्गातली बाके जोडून १८० से.मी. लांब व १२० से.मी. रुंद असे टेबल केले आहे असे समजा. १ : ६० या प्रमाणात ते १०८ मीटर × ७२ मीटर एवढ्या जागेचे झाले. म्हणजे शाळेचे एक मैदान! आजच्या साध्या बंदुकीचा पल्ला ३०० मीटर धरला तरी टेबलावर तो ५ मीटर होईल. गोळी टेबल ओलांडून भिंतीवर जाऊन आदळेल. मग भविष्यकाळातील शस्त्रांची गोष्टच नको. उलट १ : २८० या प्रमाणात तेच टेबल ५०४ मीटर × ३३६ मीटर होते आणि ३०० मीटरचा पल्ला १०७ से.मी. भरतो. आता खेळात हालचालीला जागा राहते.

तुम्ही म्हणाल, मग लोक २८ मि.मी.ची प्यादी घेऊन कसे खेळतात? खेळ रचणाऱ्यांनी त्यावर युक्ती काढली आहे. प्याद्याचे प्रमाण एक आणि जमिनीचे प्रमाण दुसरे! ही युक्ती आपल्याला नवी नाही. पुण्या-मुंबईकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले करतात. त्यावर मांडलेला मावळा बुरुजाएवढा उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज दरवाजातून आत जाऊ शकणार नाहीत एवढे मोठे असतात. म्हणून कोणी किल्ला चुकला असे म्हणते काय? किल्ला एका प्रमाणात आणि माणसे दुसऱ्या प्रमाणात, हे पाहणारा मनोमन मान्य करतो.

पण एकदा हे मान्य केले की प्यादे ही प्रतिकृती राहत नाही. ते एक चिन्ह होते. आणि चिन्ह महागच असले पाहिजे असे मुळीच नाही.

अंतराळात हिशेब आणखी बदलतो

अंतराळयानांच्या लढाईत हा मुद्दा अगदी टोकाला जातो. गोंदियातल्या एका टेबलावर २८ मि.मी.चा अंतराळवीर उभा आहे. त्याच १ : ६० या प्रमाणात चंद्र कुठे ठेवावा लागेल? चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० कि.मी. त्याला ६० ने भागा. उत्तर येते सुमारे ६,४०० कि.मी. पृथ्वीची त्रिज्या जवळजवळ एवढीच आहे. म्हणजे टेबलापासून पृथ्वीच्या केंद्राइतक्या दूर!

बरे, पृथ्वी आणि चंद्र दोन्ही वर्गात मावतील असे प्रमाण घेऊ. १ : १०,००,००,००० हे प्रमाण सोयीचे आहे. पृथ्वी १२.७ से.मी. व्यासाची होईल, एखाद्या मोठ्या बेलफळाएवढी. चंद्र ३.५ से.मी.चा होईल, आवळ्याएवढा. दोघांतील अंतर ३.८४ मीटर. वर्गाच्या या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत. आणि १०० मीटर लांबीचे यान? ते एक मि.मी.चा हजारावा भाग एवढे होईल. डोक्याच्या केसाची जाडीही त्याच्या कितीतरी पट असते. सूक्ष्मदर्शकाशिवाय ते दिसणारही नाही.

तेव्हा अंतराळयुद्धात जे काही यान म्हणून ठेवाल, ते चुकीच्याच आकाराचे असणार. हजार रुपयांचे यानही चूक आणि चिंचोकाही चूक. मग चिंचोका का नको?

न कलंडणारे प्यादे

एक गोष्ट मात्र पाहून घ्यावी. प्यादे धक्क्याने पडता कामा नये. पडले की त्याची जागा आणि दिशा दोन्ही हरवतात आणि खेळाऐवजी भांडण सुरू होते. वस्तूच्या गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा जोवर तळाच्या आत पडते, तोवर वस्तू कलंडत नाही. याचा अर्थ तळ रुंद आणि गुरुत्वमध्य खाली असावा.

उदाहरण पाहा. २ ग्रॅमचे यान काडीवर ५० मि.मी. उंच बसवले आहे. खाली २५ मि.मी. व्यासाची पुठ्ठ्याची चकती आहे. चकतीचे वजन नगण्य धरले, तर यान किती कलल्यावर पडेल? त्या कोनाचे टॅन गुणोत्तर १२.५ भागिले ५० म्हणजे ०.२५. कोन झाला १४ अंश. आता चकतीला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ८ ग्रॅमचा लोखंडी वॉशर चिकटवा. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मि.मी. उंच धरू. दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य (२ × ५० + ८ × १) ÷ १० = १०.८ मि.मी. एवढा खाली येतो. आता कोन सुमारे ४९ अंश होतो. तेच यान आता सहजासहजी पडणार नाही.

काय घ्यावे, काय टाळावे

यानांसाठी चिंचोके उत्तम. ते कठीण, टिकाऊ आणि बहुतेक सारख्या आकाराचे असतात. दगडावर थोडे घासले म्हणजे डिंक किंवा गोंद नीट बसतो. एका टोकाला पांढरा ठिपका द्या, म्हणजे यानाचे तोंड कळेल. दोन पक्षांसाठी दोन रंग आणि प्रत्येक यानावर क्रमांक असावा.

सैनिकांसाठी पोस्टकार्डासारखा जाड कागद त्रिकोणी घडी घालून उभा करा. मंडईच्या दिवसांत खेळण्यांच्या दुकानांवर प्लास्टिकचे शिपाई दिसतात, तेही चालतील. मात्र फूटपट्टी बरोबर न्या. एकाच पिशवीतला शिपाई आणि रणगाडा पुष्कळदा वेगवेगळ्या प्रमाणातले असतात. पेटीवरच्या आकड्यावरही विसंबू नये. काही कारखानदार उंची डोक्यापर्यंत मोजतात, काही डोळ्यांपर्यंत.

मंगळाच्या जमिनीसाठी आपल्या भातगिरणीतील तूस आणि गेरू यांसारखे दुसरे साहित्य नाही. मंगळ तांबडा दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. गेरूचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच! पण येथेही प्रमाण विसरू नका. ७ मि.मी. लांबीचे एक तूस १ : ६० मध्ये ४२ से.मी.चा दगड होईल, तर १ : २८० मध्ये जवळजवळ दोन मीटरचा. लहान प्याद्यांसाठी तूस बारीक कुटून घ्यावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. जुन्या बॅटरीतले किंवा दुसरे कोणतेही शिसे वितळवून प्यादी ओतू नका. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याची निर्धोक अशी मात्राच नाही. रंगही नवा आणि आपल्या देशातील नियम पाळणारा घ्या. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. दुसरे म्हणजे गुंजा वापरू नका. दिसायला सुंदर असल्या तरी त्या विषारी असतात. घरातल्या लहान भावंडाने एखादी चावली तर जिवावर बेतू शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रथम पुठ्ठ्याच्या चकत्यांनीच पाच-दहा डाव खेळून पाहा. कोणती प्यादी खरोखर लागतात, किती लागतात, हे त्यातून कळेल. त्यानंतर एखादे देखणे प्यादे सेनापती म्हणून विकत घ्यावेसे वाटले, तर जरूर घ्यावे.

करून पाहा

१. नंदीबैल १० से.मी.ऐवजी ३० से.मी. उंच केला, तर लाकूड किती पट आणि रंग किती पट लागेल?

२. पृथ्वी बेलफळाएवढी असता सूर्य केवढा होईल व किती दूर ठेवावा लागेल? सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख कि.मी. आणि अंतर सुमारे १५ कोटी कि.मी. आहे. आपल्या शाळेपासून तेवढ्या अंतरावर काय आहे ते पाहून या.

३. चिंचोका उभा फोडून त्याची दोन दळे करा. एक दळ शंभर वेळा फेका आणि सपाट बाजू किती वेळा वर आली ते मोजा. अष्टचंगात आपण फासे म्हणून हेच वापरतो. तुमचा ‘फासा’ दोन्ही बाजूंना सारखा न्याय देतो काय?

उत्तरे : १. लाकूड २७ पट, रंग ९ पट. २. १४ मीटर व्यासाचा. दीड किलोमीटर दूर. ३. याचे उत्तर प्रत्येकाच्या वहीत निराळे येईल. शिक्षकांनी सर्व वर्गाचे आकडे फळ्यावर एकत्र मांडावेत.