भेगांचा हिशेब

कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना कुडाची भिंत म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून त्यांवर माती, शेण आणि बारीक तोडलेला पेंढा एकत्र मळून लिंपला की भिंत तयार. आमच्या आजोळी पडवीला अशी एक भिंत होती, आणि वैशाखातल्या दुपारी तिच्याकडे पाहत पडून राहण्याची मला सवय होती. उन्हाने लिंपण तडकले की तिच्यावर केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे उमटे, परंतु त्यांतली एकही भेग रुंदावून भिंतीला आरपार चिरीत नसे. अंगणातल्या नुसत्या मातीच्या चुलीला मात्र एकच भेग पडे आणि तिनेच चुलीचे दोन तुकडे होत. एका भेगेने मरणारी वस्तू आणि शंभर भेगा अंगावर वागवून उभी राहणारी वस्तू यांत अंतर कोणते, हा प्रश्न त्या वयात मला पडला नाही. पण पुढे पुष्कळ वर्षांनी अँथनी केली या इंग्रज शास्त्रज्ञाचे काम समजून घेऊ लागलो तेव्हा आजोळच्या त्या भिंतीची पहिली आठवण झाली. या गृहस्थाने तोच प्रश्न गणिताच्या भाषेत विचारला, त्याचे उत्तर काढले, आणि नंतर एकोणीस वर्षे एका विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले.

केली यांचा जन्म १९२९ चा. रीडिंग विद्यापीठाची पदार्थविज्ञानातली पदवी १९४९ साली घेऊन ते केंब्रिजला आले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्या वेळी सर लॉरेन्स ब्रॅग यांच्या देखरेखीखाली होती, आणि क्ष-किरणांनी स्फटिकांच्या अंतरंगात डोकावण्याची विद्या तेथे भरात आलेली होती. ठोकून-लाटून विरूप केलेल्या धातूंवर क्ष-किरण सोडून त्यांच्या आत काय घडले असेल ते ओळखण्याचे काम केलींनी केले आणि १९५३ साली डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर इलिनॉय, बर्मिंगहॅम आणि नॉर्थवेस्टर्न अशी तीन विद्यापीठे करून १९५९ मध्ये ते धातुशास्त्राचे अध्यापक म्हणून केंब्रिजला परतले, आणि पुढच्याच वर्षी नव्याने स्थापन झालेल्या चर्चिल कॉलेजच्या आद्य सदस्यांत त्यांची गणना झाली.

त्या पिढीच्या धातुशास्त्रज्ञांना एक गोष्ट सतत सलत असे. अणूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे बळ किती, हे गणिताने काढता येते. त्या हिशेबाने काच किंवा लोखंड जेवढा ताण सोसायला हवे, त्याच्या कितीतरी कमी ताणाला ते प्रत्यक्षात हार खाते. निसर्गाने कागदावर मंजूर केलेली रक्कम आणि हाती पडणारी रक्कम यांत एवढी तफावत का, याचा पहिला सुगावा १९२० साली ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने फार्नबरो येथे लावला. काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात, ताण त्यांच्या टोकांशी एकवटतो, आणि तेथून भेग धावत सुटते. ग्रिफिथने काच तापवून तिच्या उत्तरोत्तर बारीक तारा ओढल्या, तेव्हा अतिशय बारीक तार जाड काचेच्या सुमारे वीसपट बळकट निघाली, कारण एवढ्या बारीक अंगावर मोठा ओरखडा मावायलाच जागा नव्हती. म्हणजे बळ हवे असेल तर पदार्थ तंतूच्या रूपाने वापरावा, हे तेव्हाच कळून चुकले. परंतु तंतूंचा नुसता झुबका घेऊन पूल बांधता येत नाही की विमानाचा पंख करता येत नाही. त्यांना धरून ठेवणारे दुसरे काही द्रव्य हवे. आणि ते द्रव्य तंतूंहून पुष्कळ दुबळे असते, त्यामुळे दुबळ्याच्या हातून बलवानापर्यंत भार पोचायचा कसा, हा पेच उभा राहतो.

तो पेच केलींनी सोडविला, आणि त्यांच्या सबंध कारकिर्दीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच काम. १९६५ साली त्यांनी आपले विद्यार्थी टायसन यांच्यासह एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रयोग साधा होता : टंग्स्टनच्या बारीक तारा तांब्यात ओतून बसवायच्या आणि ते तांबे ताणायचे. तांबे मऊ असल्याने ते ताणले जाताना तारेच्या अंगावरून घसरू पाहते, आणि त्या घसरण्याला जो विरोध होतो त्यातूनच तारेवर ताण चढत जातो. तारेच्या अगदी टोकाशी हा ताण शून्य असतो. टोकापासून आत जावे तसतसा, दोरखंडाची रस्सीखेच खेळताना एकेक गडी हात लावील तसा, तो वाढत जातो. तार पुरेशी लांब असेल तर मध्यभागी ताण इतका वाढतो की तारेचे सगळे बळ कामी येते. तोकडी असेल तर ताण पुरता चढण्याआधीच तिचे दुसरे टोक येते, आणि ती न तुटता तांब्यातून नुसती उपसून निघते. या दोहोंच्या सीमेवरची जी लांबी तिला शास्त्रज्ञ तंतूची निर्णायक लांबी म्हणतात. तंतूचे बळ हे तंतू आणि द्रव्य यांच्यामधल्या सांध्याच्या घर्षणबळाच्या ५० पट असेल, तर ही लांबी तंतूच्या जाडीच्या २५ पट भरते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या जाडीचा काचतंतू घेतला तर अवघी पाव मिलिमीटर! म्हणजे पेंढ्याचा तुकडा मातीत जसा निमूट आपले काम करतो, तसा एवढासा तंतूही आपले पुरते बळ भोवतालच्या द्रव्याला देऊ शकतो.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघाली. तंतू द्रव्यातून उपसला जाताना घर्षणात पुष्कळ शक्ती खर्च होते, आणि ती भेगेच्या धावण्यातून वजा होते. ओला बांबू मोडून पाहावा : तो काचेसारखा कटकन तुटत नाही, मोडल्या जागी त्याच्या धाग्यांचा केरसुणीसारखा झुपका बाहेर येतो, आणि हात दमेपर्यंत दोन्ही तुकडे एकमेकांना सोडीत नाहीत. तंतूला द्रव्याने अगदी घट्ट धरावे असे आपणांस सहज वाटेल. परंतु सांधा फार पक्का झाला तर भेग द्रव्यातून तंतूत आणि तंतूतून पुन्हा द्रव्यात बिनदिक्कत पार होते. दोन ठिसूळ पदार्थांच्या मधल्या सांध्याला बेताचाच दुबळेपणा ठेवावा आणि त्यातून चिवट वस्तू घडवावी, हा विचार मला आजही थक्क करतो.

१९६६ साली केलींचे ‘स्ट्राँग सॉलिड्स’ हे पुस्तक ऑक्सफर्डने छापले, आणि बळकट पदार्थांचा अभ्यास करणाऱ्यांच्या एका सबंध पिढीने ते मेजावर ठेवले. दुसऱ्या वर्षी केंब्रिज सोडून ते टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले आणि १९६९ मध्ये तिचे उपसंचालक झाले. तेथे १९७१ साली अ‍ॅव्हस्टन आणि कूपर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जो सिद्धांत मांडला तो तर माझ्या पडवीच्या भिंतीचाच सिद्धांत होता. द्रव्य ठिसूळ आणि तंतू चिवट असले, आणि तंतूंचे प्रमाण एका मर्यादेहून अधिक असले, तर पहिली भेग पडताच सगळे कोसळत नाही. भेग ओलांडून गेलेले तंतू भार सांभाळतात, थोड्या अंतरावर तो पुन्हा द्रव्याच्या हवाली करतात, तेथे दुसरी भेग पडते, मग तिसरी, आणि अशा असंख्य बारीक भेगांत सगळा ताण वाटला जातो. पोलादाचे किंवा काचेचे बारीक धागे घालून सिमेंटचे पत्रे व फरश्या करणारे आजचे अभियंते हाच हिशेब मांडतात.

याच सुमारास इंग्लंडमध्ये कार्बनच्या तंतूंनी मोठी आशा निर्माण केली होती. हा तंतू वजनाला पोलादाच्या पाव हिश्शाहून कमी आणि बळाला त्याच्याहून सरस, आणि तो बनविण्याची यशस्वी रीत फार्नबरोच्याच सरकारी संशोधन केंद्राने साधलेली. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या नव्या विमान-इंजिनाच्या पंख्याची पाती त्यापासून करण्याचे ठरविले. परंतु उडता पक्षी आदळल्यास काय होईल याच्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत, टायटॅनियमचा आसरा घ्यावा लागला, आणि त्या इंजिनाच्या वाढत्या खर्चाखाली दबून १९७१ च्या फेब्रुवारीत ती नामांकित कंपनी दिवाळखोरीत निघाली. कंपोझिट, म्हणजे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे द्रव्य मिळून झालेला पदार्थ, ही चीज ताणाला जितकी उदार, तितकी अवचित आघाताला उदार नसते, हा धडा फार महाग पडला. आज बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कंपोझिटचा आहे. तेथवर पोचायला मध्ये चाळीस वर्षे जावी लागली.

१९७३ साली केली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि १९७५ मध्ये सरे विद्यापीठाने त्यांना कुलगुरू म्हणून बोलाविले. विलायतेत कुलपतीचे पद शोभेचे असते आणि सारा कारभार कुलगुरूच्या दफ्तरातून चालतो, तेव्हा ही जबाबदारी नावापुरती नव्हती. सरे विद्यापीठ मूळचे लंडनच्या बॅटरसी भागातले १८९१ सालचे तंत्रविद्यालय. १९६६ मध्ये त्याला विद्यापीठाची राजसनद मिळाली आणि लंडन सोडून ते गिल्डफर्डला, नव्या कॅथीड्रलच्या शेजारच्या टेकडीवर वसले. त्याला ना जुन्या देणग्यांचा आधार, ना ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखी शतकांची पुण्याई. सरकारी अनुदानावर त्याचा प्रपंच चालत असे.

१९८१ च्या जुलैत ते अनुदानच कापले गेले. श्रीमती थॅचर यांच्या सरकारने विद्यापीठांची तरतूद आखडली, आणि अनुदान समितीने तिची विभागणी करताना सर्वांना सारख्या मापाने मोजले नाही. तंत्रशिक्षणातून वर आलेल्या नव्या विद्यापीठांवर कुऱ्हाड अधिक जोराने पडली. सॅल्फर्डचे अनुदान तर चाळीस टक्क्यांहून अधिक घटले, आणि जबर फटका बसलेल्यांत सरेही होते. ज्या संस्था विद्यार्थ्यांना कारखान्यांत पाठवून एक वर्ष प्रत्यक्ष काम शिकवीत होत्या, उद्योगाशी ज्यांचे नाते सर्वांत जवळचे होते, त्यांच्याच बाबतीत देशाने त्या वर्षी हात आखडता घ्यावा, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

विद्यापीठ म्हणजेही एक कंपोझिट, असे म्हणून येथे टाळी घेता येईल, पण ते खरे होणार नाही. प्राध्यापक म्हणजे टंग्स्टनच्या तारा नव्हेत, आणि नोकरी जाण्याची भीती बाळगणाऱ्या माणसाचे दुःख कोणत्याही समीकरणात बसत नाही. केलींमधला शास्त्रज्ञ कुलगुरूच्या उपयोगी पडला तो दुसऱ्या अर्थाने. तुटण्याआधी किती भार कोठून येतो आहे हे मोजण्याची त्यांना सवय होती, आणि सरेचा सारा भार एकाच दोरीवर आहे हे त्या मोजणीतून उघड होते. गिल्डफर्डला विद्यापीठाच्या मालकीची शेतजमीन होती. तिच्यातल्या सुमारे ७० एकरांवर संशोधन करणाऱ्या कंपन्यांसाठी वसाहत उभारायची, जमीन विकायची नाही, भाडे विद्यापीठाच्या खात्यात जमा करायचे, असा बेत त्यांच्या कारकिर्दीत पक्का झाला, आणि १९८० च्या दशकात ‘सरे रिसर्च पार्क’ उभा राहिला. अनुदान समितीच्या मर्जीवर अवलंबून नसलेले उत्पन्न विद्यापीठाला त्यातून मिळू लागले.

दुसरी गोष्ट आकाशातली. अनुदान कापले गेले त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मार्टिन स्वीटिंग या तरुण संशोधकाने सहकाऱ्यांसह विद्यापीठातच बनविलेला, पन्नास-बावन्न किलो वजनाचा ‘यूओसॅट-१’ हा उपग्रह अमेरिकेच्या अग्निबाणातून अवकाशात गेला. बाजारात मिळणारे सामान्य इलेक्ट्रॉनिक भाग वापरून लहान आणि स्वस्त उपग्रह करता येतो, हे त्याने सिद्ध केले. तो आठ वर्षे चालला. १९८५ साली या कामासाठी विद्यापीठाने स्वतःची कंपनी काढली, आणि लहान उपग्रहांच्या धंद्यात तिचे नाव पुढे जगभर झाले. उपग्रहाचे श्रेय स्वीटिंग यांचे आहे, त्यात वाटा मागण्याचे कारण नाही. परंतु तिजोरी रिकामी होत असताना असल्या उद्योगाला आवारात जागा, मुभा आणि पुढे कंपनीची मंजुरी मिळणे, हे वरच्या खुर्चीत कोण बसले आहे यावरही अवलंबून असते.

१९९४ मध्ये पासष्टाव्या वर्षी केली कुलगुरुपदावरून निवृत्त झाले आणि पुन्हा केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. कारभारात मुरलेला माणूस सहसा बाकावर परतत नाही. हे परतले, आणि तंतूंचाच एक नवा प्रश्न घेऊन बसले. तापविल्यावर प्रसरण पावण्याऐवजी आकसणारा पदार्थ करता येईल काय? जुन्या लिफ्टचा सरकत्या जाळीचा दरवाजा आडवा ताणला की त्याची उंची कमी होते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. कार्बनचे तंतू तापले तरी लांबीत जवळजवळ बदलत नाहीत. त्यांचे थर एकमेकांशी तिरके रचून राळेत बसविले, आणि मग ते तापविले, तर राळ रुंदीत फुगते, तंतूंची तिरकी जाळी आडवी उघडते, आणि लांबी घटते. तिरपाईचा कोन नेमका ठेवला तर ही घट आधी हिशेब करून हवी तेवढी मिळविता येते. तीन सहकाऱ्यांसह या विषयावरचा प्रबंध त्यांनी २००५ साली प्रसिद्ध केला, तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. २०१४ च्या जूनमध्ये ते निवर्तले.